दर रविवारी वाढणारी फाइल

रविवारी संध्याकाळी त्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर पोचायचं म्हणजे चपला-बुटांतून वाट काढावी लागे. पहिल्या पायरीपासून थेट दारापर्यंत जोडच जोड. वर हॉलमध्ये माणसं मांडीला मांडी लावून बसलेली, दोघं खिडकीच्या कट्ट्यावर, चौघी स्वयंपाकघराच्या दारात, आणि सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या टीव्हीकडे. टीव्हीवर ना मॅच, ना मालिका. टीव्हीला कॉम्प्युटर जोडला होता आणि त्यावर एका मेलेल्या माणसाची फाइल उघडली होती.

ती फाइल वाढत होती. हाच तो चमत्कार. पहिल्या रविवारी पाव पडदा भरेल एवढा मजकूर होता, दुसऱ्या रविवारी अर्धा पडदा झाला, तिसऱ्या रविवारी पडद्यात मावेना. कोणी कीबोर्डला बोट लावत नव्हतं. फक्त अक्षरबाबा बसल्या बैठकीला डोळे मिटून, उजव्या हाताच्या करंगळीने फाइल जतन करत. तेवढंच. आणि पुढच्या रविवारी बघावं तर लिखाण दुणावलेलं.

लिखाण तरी कसलं? आपल्या लिपीतलं एक अक्षर नाही. à¤¸à¤°à¥à¤µ, मग थोडी मोकळी जागा, मग पुन्हा तसंच काहीतरी. डोक्यावर तिरकी काडी घेतलेलं एक परकं अक्षर, त्याच्या मागे चार किरण फुटलेलं एक गोल चिन्ह, मग आणखी काहीतरी, आणि पुन्हा तीच काडी, तोच गोल. मधूनच 1, 2, 3 असे आकडे.

बाबांना मात्र ते पेपरातल्या बातमीसारखं वाचता येई. अंगात पडद्याच्या रंगाचा निळा झब्बा, गळ्यात चांदीच्या साखळीत एक पेनड्राइव्ह. कीबोर्डवर आधी गुलाबपाणी शिंपडायचे, त्यामुळे स्पेसबार चिकटायला लागला होता. मग म्हणायचे, "देह म्हणजे डबा. डबा बिघडला म्हणून करंट मरतो का? करंट तारेत असतो. दादा आता तारेत आहेत."

या वाक्यावर हॉलमधल्या निम्म्या माना डोलायच्या. त्यांतले निम्मे लोक विजेचं बिल भरायच्या तारखेपलीकडे विजेशी संबंध ठेवून नव्हते, हा भाग वेगळा.

दादा म्हणजे या घराचे मालक. इमारतीचे सेक्रेटरी होते. माणूस सज्जन, पण चिकट. गेल्यावर मात्र, मेल्या म्हशीला मणभर दूध या न्यायाने, जिवंतपणी त्यांच्या तक्रारींना कंटाळलेले सगळे रहिवासी त्यांना देवमाणूस म्हणू लागले. हृदय बंद पडून ते गेले त्याच आठवड्यात त्यांचा कॉम्प्युटरही बंद पडला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. कॉम्प्युटर अकरा वर्षं जुना होता आणि त्याला घरघर कधीचीच लागली होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण दुःखात असलेल्या माणसाला फांदीचं वय विचारायचं सुचत नाही.

तेव्हा दादांचे मेहुणे, ज्यांना सगळी इमारत मामा म्हणते, धावून आले. त्यांनी आपल्या कारखान्यातला एक कॉम्प्युटर आणून दिला आणि दादांच्या फाइली त्यात भरल्या. शेवटची फाइल उघडली तर ही चिन्हं. मामा मनाने चांगले, पण उचलली जीभ लावली टाळ्याला अशातला माणूस. "ताई, भावजी काहीतरी सांगतायत," असं ते बहिणीला म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी बाबांना घेऊनच आले.

हे सगळं आतल्या खोलीत वह्या तपासत ऐकायची ती दादांची धाकटी बहीण. शाळेत विज्ञान शिकवायची. लग्न केलं नव्हतं, भाऊ-भावजयीबरोबर तीस वर्षं याच घरात राहिली. शाळेत पोरं बाई म्हणत, म्हणून इमारतही बाई म्हणे, आणि घरात वहिनीसुद्धा थट्टेने बाईच म्हणे.

बाईंना हसू येत होतं आणि हसता येत नव्हतं. कारण वहिनीच्या छातीत गाठ निघाली होती. डॉक्टरांनी तपासण्या करून स्पष्ट सांगितलं होतं की गाठ वाईट आहे, पण लहान आहे, आत्ता काढली तर पुष्कळ आशा आहे, थांबलात तर मला काही सांगता येणार नाही. तारीखही दिली होती. आणि पहिल्याच रविवारी बाबांनी ते चार किरणांचं गोल चिन्ह दाखवून विचारलं होतं, "हे काय आहे, ओळखलंत? ही गाठ. आणि हे चार किरण दादांचे. चहूबाजूंनी धरलीय तिला. विरघळवतायत. एक, दोन, तीन, असे तीन इशारे दिलेत त्यांनी. शस्त्र लावू नका."

वहिनीने तारीख पुढे ढकलली. दुसऱ्या रविवारी पडद्यावर डोक्यावर छपरासारखी खूण असलेली नवी अक्षरं उगवली. बाबा म्हणाले, हे छप्पर, घर सोडून जाऊ नका म्हणतात. हॉस्पिटल म्हणजे घर सोडणंच की. वहिनीने तारीख पुन्हा ढकलली. आता ती दर रविवारी चार वाजल्यापासून केस विंचरून, ठेवणीतले कपडे घालून टीव्हीसमोर बसायची. महिन्याभरात तिच्या चेहऱ्यावर रंग आला होता, आणि बाईंना तोंड उघडायची हिंमत होत नव्हती ती त्यामुळेच.

शिवाय खरं सांगायचं तर बाईंनाही ते हवं होतं. पहिल्या रविवारी दाराआड उभं राहून त्यांनीही ती चिन्हं टक लावून पाहिली होती, आणि दादाने आपल्याला काही लिहिलंय का, असं क्षणभर मनात आलंच होतं. त्याचा त्यांना नंतर रागही आला. पण आलं होतं, हे त्या नाकारत नव्हत्या.

विज्ञानाच्या बाईंना सवय एकच, निरीक्षणाची. दर रविवारी पडद्याचा फोटो त्या मोबाइलवर काढून ठेवत. चौथ्या रविवारनंतर त्यांनी ते फोटो वह्यांच्या गठ्ठ्यावर मांडले आणि बघत बसल्या. लिखाण आठपट-नऊपट झालं होतं. पण ओळी? पहिल्या दिवशी जेवढ्या सुरू झाल्या होत्या तेवढ्याच. मधल्या मोकळ्या जागा? तेवढ्याच. पूर्णविराम तेवढेच, आकडे तेच तीन. किरणवाले गोलही तेवढेच. म्हणजे बाबांच्या हिशेबाने बघितलं तरी इतक्या रविवारांत एकही गाठ विरघळली नव्हती. नवा शब्द एकही आला नव्हता. जुनेच शब्द फुगत होते. ज्या माणसाने हयातीत साध्या गळक्या नळावर दोन पानं लिहिली, त्याला परलोकातून इतकं सांगायचं असताना नवी ओळ सुरू करायला काय झालं?

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी झोपली होती. बाई कॉम्प्युटरसमोर बसल्या, लिहायचा तोच प्रोग्रॅम उघडला आणि नव्या फाइलीत टाइप केलं, दूध संपलं आहे. जतन केलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. काडीवालं अक्षर, किरणवाला गोल, काडीवालं अक्षर, किरणवाला गोल. दुधाचा निरोपही परलोकातून आला होता. बाईंनी तेच पुन्हा जतन केलं, बंद करून उघडलं. निरोप फुगला. छपरं उगवली.

बाई खुर्चीत मागे टेकल्या. मग पडद्याचा कोपरानकोपरा बघायला लागल्या. खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत काही लिहिलं होतं. त्यावर दाबलं तर एक लांबलचक यादी उघडली. त्यातलं एक-एक निवडून बघता बघता एकाला पडदा हलला, छपरं गेली. मग जतन करताना यादीतलं आधीचं नाव निवडून पुन्हा तेच केलं आणि समोर आलं, दूध संपलं आहे.

दादांची फाइल त्यांनी उघडली नाही. हात तिथवर गेला होता. पण ती वहिनीची होती, आणि तिच्या पाठीमागे उघडली तर मग बाबा आणि आपण यांत फरक काय राहिला, असं त्यांना वाटलं. शिवाय एकट्या वहिनीला दाखवून भागलं नसतं. रविवारी जे शंभर डोळ्यांसमोर झालं ते त्याच डोळ्यांसमोर उलटायला हवं होतं.

रविवारी हॉल भरला. बाबांनी गुलाबपाणी शिंपडलं. बाई आतल्या खोलीतून बाहेर आल्या, तशी कुजबुज झाली, कारण त्या आजवर कधी बैठकीला बसल्या नव्हत्या. त्यांनी नम्रपणे सांगितलं की याच कॉम्प्युटरमध्ये आणखी एक फाइल आहे, तीही बाबांनी वाचावी. फाइल कोणाची, हे त्यांनी सांगितलं नाही आणि बाबांनी विचारलं नाही.

पडद्यावर चिन्हं आली. बाबांनी डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले.

"दादा आज बहिणीशी बोलतायत. माझ्या लाडक्या बहिणीला सांगा, मला तारेतून सगळं दिसतं. तू शंका घेतेस, त्याचं मला दुःख होतं. पत्नीला शस्त्रापासून वाचव."

वहिनीने पदराने डोळे टिपले. बाईंनी कोपऱ्यातली यादी उघडली, एक ओळ निवडली, आणि भिंतीवर ठसठशीत अक्षरांत उमटलं, "दूध संपलं आहे. येताना अर्धा लिटर आण आणि तुझा ब्लाउज शिवून झालाय तो घेऊन जा."

मग तळमजल्यावरची टेलरकाकू उठली आणि ओशाळून म्हणाली की हे तिने सकाळी टाइप केलं, दूध संपलं आहे याच्यापुढे काहीही लिही असं बाई म्हणाल्या म्हणून, आणि ब्लाउज खरंच तयार आहे.

बाबा कच्चे नव्हते. ते म्हणाले, आत्मा सर्वत्र असतो, दुधाच्या निरोपातही उतरतो. बाई म्हणाल्या, असेल. मग त्यांनी पहिल्या रांगेतल्या पेन्शनरकाकांना बोलावलं. काका बाबांचे पहिल्या दिवसापासूनचे भक्त. त्यांना म्हणाल्या, तुम्हाला हवं ते लिहा, मी बघत नाही. काकांनी एका बोटाने बराच वेळ काहीतरी लिहिलं, जतन केलं, बंद केलं, उघडलं. काड्या आणि गोल. मग बाईंच्या सांगण्यावरून काकांनीच ती ओळ निवडली. भिंतीवर आलं, बाबा खोटं बोलत नाहीत. त्यावर मात्र खिडकीच्या कट्ट्यावरचे दोघं हसले, आणि हसू हळूहळू हॉलभर पसरलं. बाबांचं पितळ त्यांच्याच भक्ताच्या बोटाने उघडं पडलं.

बाईंनी वर्गात सांगतात तसं सांगितलं. यंत्राला अक्षरं कळत नाहीत, फक्त आकडे कळतात. आपलं एक अक्षर यंत्र तीन आकड्यांनी लिहून ठेवतं. पत्त्यात गाव आणि गल्ली सगळ्यांची एक आणि घर नंबर वेगळा असावा, तसे त्यातले पहिले दोन आकडे बहुतेक सगळ्या अक्षरांना सारखेच, तिसरा वेगळा. ते तीन एकत्र वाचायचे असतात. पण हा प्रोग्रॅम मामांच्या कारखान्यातल्या जुन्या परदेशी यंत्राच्या फाइली वाचायला लावून ठेवलेला. तो त्याच्या परक्या तक्त्यात बघून प्रत्येक आकड्याचं वेगळं अक्षर करतो. म्हणून आपल्या एकाची तीन चिन्हं होतात, आणि पहिली दोन तीच ती येतात, काडीवालं आणि किरणवाला गोल.

"आणि वाढतं कसं?" कोणीतरी विचारलं.

"चुकीचं वाचलेलं पुन्हा जतन केलं म्हणून. जतन करताना तो बरोबर तक्ता वापरतो. त्यात या परक्या चिन्हांपैकी एकेकाला दोन-दोन, तीन-तीन आकडे लागतात. पुढच्या वेळी तो त्या प्रत्येक आकड्याचं पुन्हा वेगळं चिन्ह करतो. जितक्या वेळा करंगळी लागेल तितकं फुगेल. मोकळ्या जागेला आणि त्या 1, 2, 3 ला दोन्ही तक्त्यांत एकच आकडा आहे, म्हणून ते फुगले नाहीत."

बाबा उठले. जिथं श्रद्धा नाही तिथं आपण थांबत नाही, असं जाहीर करून निघाले. दारापाशी बाईंच्या जवळून जाताना मात्र हळूच म्हणाले, "एन्कोडिंग कुठं शिकलात?" बाईंनी चमकून बघितलं. संपूर्ण वेळ त्या तक्ताच म्हणत होत्या. एन्कोडिंग हा शब्द त्यांनी यादीच्या डोक्यावर वाचला होता, पण तोंडातून काढला नव्हता. गृहस्थांना सगळं पहिल्यापासून माहीत होतं. बाबा व्हायच्या आधी त्यांचा कॉम्प्युटर टायपिंगचा क्लास होता, हे मामांनी नंतर खाली मान घालून सांगितलं.

आता दादांची फाइल. बाईंनी वहिनीला विचारलं, उघडू? वहिनीने मान हलवली. फाइलीची एक प्रत काढून बाईंनी ज्या जिन्याने ती चढली होती त्याच जिन्याने उतरवायला घेतली. एक पायरी उतरली तशी पडद्यावर गेल्या रविवारची फाइल आली. मग त्याच्या आधीची. अर्धा पडदा. पाव पडदा. आणि शेवटच्या पायरीला दादांचं शेवटचं लिखाण भिंतीवर उभं राहिलं.

"सर्व रहिवाशांना कळवण्यात येते की, 1. जिन्यात चपला-बूट काढून ठेवू नयेत. 2. ठेवल्यास व कोणी घसरून पडल्यास ठेवणाऱ्याची जबाबदारी राहील. 3. हे तिसऱ्यांदा सांगत आहे."

मग दोघं-तिघं उठून गुपचूप आपले जोड उचलायला गेले. मग हशा फुटला, अगदी मनापासून, आणि दादा जिवंत असते तर त्यांनी तो थांबवला असता. हसली नाही ती वहिनी. ती उठून स्वयंपाकघरात गेली.

बाई मागोमाग गेल्या तेव्हा ती ओट्याला धरून उभी होती.

"तुला बरोबर ठरायचं होतं," ती म्हणाली. "मला ते हवे होते. दर रविवारी येत होते माझ्याकडे. तू परत पोचवून आलीस."

"तो माझा भाऊ होता, वहिनी. मलाही हवा होता. मीसुद्धा पहिल्या दिवशी दाराआड उभी राहून बघितलं, मला काही लिहिलंय का." बाईंनी ओट्यावरचा तिचा हात धरला. "तो गेलाय. तू आहेस. तुलाही घालवायची माझी ताकद नाही."

वहिनीने हात सोडवला आणि भांडी घासायला घेतली. दोन-तीन दिवस घरात भांड्यांचाच काय तो आवाज होता. इमारतीत मात्र चर्चेला ऊत आला होता. पेन्शनरकाकांचं म्हणणं पडलं की बाबा चुकले असतील, पण विद्या खोटी नाही. पालथ्या घड्यावर पाणी. त्यांनी दुसरे एक बाबा शोधले, ते मोबाइलच्या रिंगटोनवरून भविष्य सांगतात.

एका दुपारी बाई शाळेतून आल्या तर वहिनी एकटीच कॉम्प्युटरसमोर बसलेली. तिने काहीतरी टाइप केलं होतं आणि त्याच्या गोल-काड्या केल्या होत्या. "ती यादी कुठं असते ते दाखव," म्हणाली. बाईंनी दाखवली. वहिनीने ओळ आपल्या हाताने निवडली, चिन्हांची अक्षरं झाली. तिने ती पुसली, दुसरं वाक्य लिहिलं, पुन्हा चिन्हं केली, पुन्हा अक्षरं केली. असं बराच वेळ चाललं होतं. बाई मागे उभ्या होत्या, पण तिने काय लिहिलं ते त्यांनी वाचलं नाही. शेवटी वहिनीने कॉम्प्युटर बंद केला आणि डॉक्टरांना फोन लावायला सांगितलं.

गाठ आता आधीपेक्षा मोठी होती. बाबांच्या बैठका चालल्या होत्या तेव्हा तिने आपलं काम थांबवलं नव्हतं. डॉक्टर रागावले नाहीत, पण हसलेही नाहीत. म्हणाले, अजून वेळ गेलेली नाही.

या कथेतला बाबा फार मोठा नव्हता. त्याला फक्त एवढं ठाऊक होतं की समोरच्याला काय ऐकायचं आहे, आणि ते सांगताना कोणी त्याला तपासून बघणार नाही. आपल्याला जे कळत नाही ते आपल्याला कळत नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं. त्यात देव येत नाही, भूत येत नाही आणि गेलेलं माणूस तर येतच नाही. पाच मिनिटं बसून दूध संपलं आहे असं लिहून बघायची तसदी त्या भरल्या हॉलमध्ये कोणीही घेऊ शकलं असतं. घेतली असती तर वहिनीचा महिना-सव्वा महिना वाचला असता. कोणी सांगतं म्हणून मानू नका. बाईंनी सांगितलं म्हणूनही मानू नका. करून बघा.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी वहिनीला चाकांच्या खाटेवर घालून नेत होते. मामा पिशवी सांभाळत मागे राहिले. बाई तिचा हात धरून बरोबर चालत होत्या. दाराशी खाट थांबली, तेव्हा अशा वेळी जे तोंडातून निघतं तेच बाईंच्याही तोंडातून निघालं.

"काळजी करू नकोस. सगळं नीट होईल."

वहिनीने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. "कशावरून?"

तीस वर्षं ज्या घरात दोघी एकमेकींशी बोलत आल्या, त्यात इतका अवघड प्रश्न वहिनीने कधी विचारला नव्हता.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "नक्की कोणालाच माहीत नाही. पण या डॉक्टरांनी अशी पुष्कळ ऑपरेशनं केली आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणी बऱ्या झाल्या आहेत. न केलेल्यांचं काय झालं, तेही त्यांनी आपल्याला दाखवलंय. एवढंच माहीत आहे."

वहिनीने त्यांचा हात दाबला आणि सोडला.

"पुरे आहे," ती म्हणाली, आणि खाट ढकलणाऱ्याला म्हणाली, "चला."